खड्ड्यात सापडलेला गुण



दहावीचा निकाल लागला, की आमच्या महाविद्यालयाच्या आवारात दर वर्षी एक ठराविक देखावा पाहायला मिळतो. पुढे वडील, त्यांच्या मागे दोन पावले अंतर ठेवून मुलगा किंवा मुलगी, आणि वडिलांच्या हातात गुणपत्रिकेच्या चार-पाच झेरॉक्स प्रती. मी भौतिकशास्त्र शिकवणारा, म्हणजे वर्षानुवर्षे मुले पाहिलेला माणूस, या भरवशावर ते माझ्यासमोर तो कागद ठेवतात आणि म्हणतात, "सर, याच्यात नेमके काय आहे, ते तुम्हीच सांगा." मुलगा जमिनीकडे पाहत उभा असतो. जणू डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो उजेडासमोर धरला आहे आणि हाड मोडले आहे की नाही, ते आता कळणार आहे!

खरे सांगू का? त्या कागदावरून मला फारसे काही सांगता येत नाही. गणितात ६२, विज्ञानात ५८. यावरून एवढेच कळते, की मार्च महिन्यातल्या त्या ठराविक दिवशी या मुलाने ६२ आणि ५८ गुणांइतकी उत्तरे लिहिली. गुणपत्रिकेत गुण असतात. पण अंगचा गुण ज्याला म्हणतात, तो त्यात सापडेलच असे नाही. अलीकडे तर दहा बोटांचे ठसे घेऊन 'तुमच्या पाल्याचा नैसर्गिक कल' छापील अहवालात देणारी दुकाने निघाली आहेत. त्यांच्याकडे काही हजार रुपये भरून आलेले पालकही मला भेटतात. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच तयार होतात, हे खरे. पण त्यांवरून मुलगा इंजिनिअर व्हावा की गवई, हे ठरवण्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. हातांवरून कल कळतोच. पण तो रेषांवरून नव्हे, हात काय करतात त्यावरून.

आता तुम्ही विचाराल, मग हा कल ओळखायचा कसा? मला उमगलेली एक खूण आहे. ती तशीच सांगितली तर तुम्हाला चमत्कारिक वाटेल, म्हणून आधी आमच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट ऐका.

काही वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या वर्गात एक विद्यार्थी होता. परीक्षेत जेमतेम पास होणारा, मागच्या बाकावर बसणारा. वर्गात विचारले, तर "येत नाही सर" हे त्याचे ठरलेले उत्तर. एकदा मी मुलांची जर्नले तपासत होतो. प्रयोग होता सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी काढण्याचा. पिवळा सोडियम दिवा, त्यापुढे बारीक फट, मग ग्रेटिंग, म्हणजे एका इंचात हजारो समांतर रेघा असलेली पट्टी, आणि तिच्यातून वळून आलेला प्रकाश पाहायला स्पेक्ट्रोमीटरची दुर्बीण. दुर्बिणीत पिवळी रेघ दिसते, ती ज्या कोनात दिसते तो कोन मोजायचा. सगळ्यांच्या जर्नलात एकेका बाजूला एकेक वाचन होते. या मुलाच्या जर्नलात मात्र दुसऱ्या क्रमाच्या रेघेसाठी दोन वाचने लिहिलेली होती. दोन्हींत अंतर अंशाच्या विसाव्या हिश्शाइतके. आणि त्यांतले एक नीट पट्टी लावून खोडलेले होते.

मी त्याला बोलावून विचारले. तो घाबरला. म्हणाला, "सर, मला दोन रेघा दिसल्या. पण बाकी सगळ्यांना एकच दिसत होती. मला फिजिक्स येत नाही ना, म्हणून वाटलं माझंच काहीतरी चुकलं."

मित्रांनो, सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात खरोखरच दोन रेघा असतात! एकीची तरंगलांबी ५८९० अँगस्ट्रॉम आणि दुसरीची ५८९६. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश. इतक्या जवळच्या रेघा वेगळ्या दिसायच्या, तर फट अगदी अरुंद हवी, दुर्बीण नेमकी जुळवलेली हवी. बाकीच्यांनी फट रुंद ठेवली होती, भरपूर उजेड मिळावा म्हणून. याने मात्र अर्धा-पाऊण तास नुसती जुळवाजुळव केली होती. "का रे, एवढा वेळ कशाला घालवलास?" तर म्हणाला, "सर, रेघ पुसट दिसत होती. बघवेना."

हा "बघवेना" शब्द मी तेव्हापासून विसरलेलो नाही. पुसट रेघ सगळ्यांनाच दिसत होती. त्रास फक्त त्याला झाला.

तर माझी खूण ही अशी आहे. आपल्याला काय आवडते, एवढ्यावरून अंगचा गुण ओळखू नका. आवडत तर आपल्याला पुष्कळ काही असते. आपल्या कामातली कोणती चूक आपल्याला स्वस्थ बसू देत नाही, ते पाहा. लहानपणी मी दोन वर्षे हार्मोनियम शिकलो. मला ती फार आवडायची. पण सूर चुकला तरी मला काही वाटत नसे. वाटे ते शेजाऱ्यांना. दोन वर्षांत मी होतो तिथेच राहिलो. याउलट आकृतीत किरणाचा बाण उलटा पडला, तर मला रात्री झोप येत नसे. तेव्हा ते खूळ वाटायचे. असो.

ही खूण ज्याच्या आयुष्यात अगदी ठळक दिसते, अशा एका शेतकऱ्याच्या मुलाकडे आता वळू. त्यासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे आणि अमेरिकेच्या मध्यभागी, सपाट माळरानावरच्या गव्हाच्या शेतांत जावे लागेल.

क्लाइड टॉम्बॉ याचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी इलिनॉय राज्यात झाला. तो शाळेत असतानाच त्याचे कुटुंब कॅन्सस राज्यात बर्डेट या लहानशा गावाजवळ शेती करायला गेले. क्लाइडला आकाशाचा नाद लावला तो त्याच्या काकांनी. त्यांच्याकडे एक लहानशी दुर्बीण होती, तिच्यातून चंद्रावरची विवरे पाहून पोरगा खुळावला. इथपर्यंत विशेष काही नाही. चंद्र पाहून कोण खुळावत नाही?

मोठी दुर्बीण विकत घेणे घरच्या मिळकतीत शक्यच नव्हते. त्या सुमारास 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात घरच्या घरी दुर्बीण कशी बनवावी यावर लेख आले होते. (मासिके वाचण्याचे असेही परिणाम होतात!) क्लाइडने ठरवले, आपणच आरसा घासायचा. आरसा घासणे म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? काचेच्या दोन जाड गोल चकत्या घ्यायच्या. एक खाली घट्ट बसवायची. तिच्यावर कार्बोरंडमची भरड पूड आणि पाणी टाकून दुसरी चकती मागेपुढे घासायची, आणि मधूनमधून स्वतः भोवती फिरत दिशा बदलायची. तासन् तास. हळूहळू वरची चकती मध्ये खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. मग बारीक पूड, त्याहून बारीक पूड, आणि शेवटी डांबरासारख्या राळेच्या थरावर लोखंडाच्या तांबड्या ऑक्साइडने चकाकी आणायची. पृष्ठभागाचा आकार किती अचूक हवा? आदर्श आकारापासून फरक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या लहानशा अंशापेक्षा जास्त नको. आपल्या केसाची जाडी साधारण मिलिमीटरचा चौदावा हिस्सा धरली, तर तिच्याही हजाराव्या भागाइतका उंचवटा आरशावर राहून चालत नाही. आणि हे सारे नुसत्या हाताने!

१९२६ साली वयाच्या विसाव्या वर्षी क्लाइडची पहिली, ८ इंच आरशाची दुर्बीण तयार झाली. चंद्र दिसला, ग्रह दिसले. गावातल्या कोणालाही कौतुक वाटावे अशीच ती गोष्ट होती. पण क्लाइडला समाधान नव्हते. आरसा हवा तसा उतरलेला नाही, प्रतिमा हवी तितकी रेखीव नाही, हे त्याला दिसत होते. त्याला ते बघवेना!

इथून पुढची हकीकत आमच्या विषयाच्या अगदी जवळची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

आरशाचा आकार तपासण्याची एक फार सुंदर युक्ती फ्रान्सच्या फूको या शास्त्रज्ञाने शोधून काढली होती. आरशासमोर काही मीटरवर एक सुईच्या टोकाएवढा प्रकाशबिंदू ठेवायचा. आरसा त्याचे किरण परत पाठवतो आणि ते बिंदूच्या शेजारीच एकत्र येतात. नेमके तिथे दाढीच्या पात्याची धार हळूच आडवी आणायची आणि पात्याच्या मागे डोळा ठेवून आरशाकडे पाहायचे. आरसा अचूक गोलीय असेल तर तो सगळा एकदम, एकसारखा काळवंडतो. पण कुठे उंचवटा किंवा खळगा असेल, तर तिथले किरण वाट चुकतात आणि आरशावर डोंगरदऱ्यांसारख्या सावल्या दिसतात. (दुर्बिणीच्या आरशाला गोलापेक्षा किंचित वेगळा, अन्वस्ताचा आकार लागतो, त्याच्या सावल्याही ठरलेल्या असतात.) केसाच्या हजाराव्या भागाचा उंचवटा एक पाते आणि एक दिवा एवढ्या सामग्रीवर डोळ्यांना दिसतो! माझ्या मते प्रकाशशास्त्रातल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कडक परीक्षांपैकी ही एक आहे.

पण एक अडचण आहे. हवा हलती असेल, किंवा आरशाचे एक अंग दुसऱ्यापेक्षा किंचित गरम असेल, तर सगळी परीक्षाच फसते. काच तापली की फुगते. नुसता तळहात आरशावर काही क्षण टेकवला, तरी तिथे उंचवटा आलेला दिसतो आणि काच निवेपर्यंत तो जात नाही. गरम हवा थंड हवेतून वर चढते तेव्हा किरण वाकतात. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरचे दृश्य थरथरताना तुम्ही पाहिले असेलच. कॅन्ससच्या माळरानावर दिवसा ऊन, रात्री गारवा आणि सदाचा वारा. अशा हवेत आरसा अचूक तपासणार कसा?

क्लाइडने उपाय काढला तो शेतकऱ्याच्या पोराला सुचेल असाच. त्याने जमिनीत खड्डा खणायचे ठरवले. लांबी सुमारे २४ फूट, खोली सुमारे ८ फूट. हत्यारे कुदळ आणि फावडे. नुसत्या दुर्बिणीसाठी एवढा खड्डा म्हणजे वडिलांना पटणे कठीण. पण वादळात लपायला आणि घरचा माल साठवायला तळघर होईल, म्हणून त्यांनीही मान्यता दिली. खड्डाच का? दिवसाची उष्णता जमिनीत अर्धा-पाऊण मीटरच्या खाली फारशी पोचतच नाही. त्याहून खाली दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ पुसला जातो, ऋतूंचा फरकही मंदावतो. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट का लागते, याचे कारण हेच. आपल्याकडे धान्य पेवात ठेवत, तेही अशाच जमिनीच्या पोटात. त्या खड्ड्यात हवा स्थिर होती, तापमान स्थिर होते. आता आरशाला लपवाछपवी करता येत नव्हती.

खड्ड्यात बसून क्लाइड घाशी, तपाशी, पुन्हा घाशी. १९२७ साली त्याने काकांसाठी ७ इंचांची दुर्बीण केली. १९२८ साली स्वतःसाठी ९ इंचांची. तिच्या बैठकीला त्याने १९१० सालच्या ब्यूक मोटारीचा एक दांडा आणि दुधाची साय काढण्याच्या जुन्या यंत्राचे भाग वापरले. दिसायला ती भंगारातून उचलून आणल्यासारखी होती. पण आरसा उत्तम होता. पुढे अनेक वर्षांनी एका मोठ्या संग्रहालयाने ती दुर्बीण मागितली, तेव्हा टॉम्बॉ यांनी 'मी ती अजून वापरतो आहे' असे सांगून नकार दिला!

त्याच वर्षी, १९२८ साली, शेतावर गारपीट झाली. हाताशी आलेले पीक झोपले. गारपीट म्हणजे काय, हे तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना मी सांगायला नको. कॉलेजात जायचा क्लाइडचा बेत त्या दिवशी मोडला.

दिवसा शेतात राबायचे आणि रात्री दुर्बिणीतून गुरू आणि मंगळ पाहून त्यांची चित्रे काढायची, असे तो करी. गुरूवरचे पट्टे, ठिपके, जसे दिसतील तसे. एक रेघ मनाची नाही. ही रेखाटने कोणीतरी जाणकाराने तपासावी, म्हणून त्याने ती ॲरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफ येथील लॉवेल वेधशाळेला पाठवून दिली. हे पाऊल मला फार महत्त्वाचे वाटते. त्याने "माझ्यात काय आहे?" असे विचारले नाही. त्याने केलेले काम पाठवले. ग्रहांच्या अभ्यासात मुरलेल्या त्या मंडळींना ती चित्रे प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहता येत होती.

वेधशाळेचे प्रमुख होते वेस्टो स्लायफर. दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातील रेघा जागेवरून सरकलेल्या असतात, हे प्रथम मोजणारे ते हेच. त्यांना त्या वेळी एक माणूस हवाच होता. वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांनी युरेनसच्या गतीतल्या बारीक तफावतींवरून असे गणित मांडले होते, की नेपच्यूनच्या पलीकडे आणखी एक मोठा ग्रह असला पाहिजे. त्याला ते 'एक्स ग्रह' म्हणत. तो न सापडताच १९१६ साली लॉवेल वारले. आता त्या शोधासाठी १३ इंच भिंगाची नवी छायाचित्र-दुर्बीण येत होती. घुमटात रात्र रात्र काम करायला कोणी तरी हवे होते. घुमट तापवून चालत नाही, का ते तुम्ही आता ओळखले असेलच. स्लायफरनी शेतकऱ्याच्या मुलाला पत्र लिहिले. जानेवारी १९२९ मध्ये टॉम्बॉ फ्लॅगस्टाफला उतरला. वय बावीस, शिक्षण शाळेपुरते.

त्याला काय काम मिळाले? भट्टीत इंधन घालणे, घुमटावरचा बर्फ काढणे, पाहुण्यांना वेधशाळा दाखवणे आणि छायाचित्रे घेणे. छायाचित्रे १४ इंच लांब आणि १७ इंच रुंद काचांवर घेत. एकेक काच तास तासभर उघडी ठेवायची आणि तेवढा वेळ दुर्बीण एका ताऱ्यावर खिळवून धरायची. काही महिन्यांनी त्या काचा तपासण्याचे कामही त्याच्याकडे आले. हे काम म्हणजे डोळ्यांची सक्तमजुरी! आकाशाच्या एकाच भागाची, काही दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रे एका यंत्रात शेजारी शेजारी ठेवायची. यंत्रातून पाहिले, की आधी एक काच दिसते, लगेच दुसरी, पुन्हा पहिली. तारे जागचे हलत नाहीत. पण मधल्या दिवसांत एखादा ठिपका सरकला असेल, तर तो इकडून तिकडे उडी मारताना दिसतो. कित्येक काचांवर लाखाच्या वर तारे असत. आकाशगंगेच्या पट्ट्यात ही संख्या दहा लाखांच्या घरात जाई. काचेवरचे डाग फसवायचे, तेज बदलणारे तारे फसवायचे. आणि सर्वांत जास्त फसवायचे ते मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये फिरणारे लघुग्रह, कारण उडी तेही मारतात.

लघुग्रह कोणता आणि दूरचा ग्रह कोणता, हे कसे ओळखायचे? इथे टॉम्बॉने स्वतःचे डोके चालवले. धावत्या रेल्वेतून बाहेर पाहा. रुळाजवळचे खांब भराभर मागे पळतात, दूरचा डोंगर सावकाश. पृथ्वी ही आपली रेल्वे, सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावणारी. सूर्याच्या बरोबर समोरच्या दिशेला, ज्याला प्रतियुती म्हणतात त्या स्थानी, असलेल्या वस्तूकडे आपण पाहतो, तेव्हा आपण अगदी बाजूच्या खिडकीतून पाहत असतो. तिथे जवळची वस्तू काचेवर दिवसाला कित्येक मिलिमीटर मागे सरकते आणि नेपच्यूनच्या पलीकडची अर्धा मिलिमीटर. म्हणून आकाशाचा प्रत्येक भाग बरोबर प्रतियुतीच्या वेळीच टिपायचा, म्हणजे उडीच्या लांबीवरूनच अंतर कळते. हा नियम त्याने स्वतःला घालून घेतला आणि शिवाय प्रत्येक भागाची तिसरी काच घ्यायची, खातरजमेसाठी.

१८ फेब्रुवारी १९३०, दुपारचे चार. २३ आणि २९ जानेवारीला घेतलेल्या मिथुन राशीतल्या काचा यंत्रात होत्या. एका ताऱ्याजवळ अगदी पुसट ठिपक्याने उडी मारली. सुमारे साडेतीन मिलिमीटर, सहा दिवसांत. हिशेब करून पाहा, दिवसाला अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त! त्याने लगेच ओरडून सांगितले नाही. जवळजवळ पाऊण तास तो मापे घेत होता; २१ जानेवारीची तिसरी काच काढून तिच्यावरही ठिपका हवा तिथेच आहे, हे पाहिले. मग तो स्लायफरांच्या खोलीत गेला. त्या रात्री खात्री करून घ्यावी, तर आभाळ भरून आले. टॉम्बॉ गावात जाऊन सिनेमा पाहून आला. १३ मार्च १९३० रोजी जगाला बातमी कळली. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नी या मुलीने सुचवलेले 'प्लूटो' हे नाव त्याला मिळाले.

आता या कथेतली खरी गंमत ऐका. प्लूटो हा लॉवेलचा एक्स ग्रह नव्हताच! १९७८ साली प्लूटोचा उपग्रह शॅरन सापडला आणि त्यावरून प्लूटोचे वस्तुमान काढता आले. ते निघाले पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या हिश्शाइतके. एवढासा गोळा युरेनसला काय हलवणार? पुढे व्हॉयेजर-२ हे यान १९८९ साली नेपच्यूनजवळून गेले, नेपच्यूनचे वस्तुमान अचूक कळले आणि ते वापरल्यावर युरेनसच्या गतीतली ती तफावतच नाहीशी झाली. म्हणजे ज्या गणिताने शोध सुरू झाला, ते गणितच चुकीच्या आधारावर उभे होते. तिथे बरोबर होते ते फक्त त्या तरुणाचे डोळे आणि त्याची पद्धत. लॉवेल यांच्याच वेधशाळेत १९१५ साली घेतलेल्या काचांवरही प्लूटो उमटला होता, हे मागाहून लक्षात आले. तो ठिपका तिथे होता. पंधरा वर्षे तो कोणी पाहिला नाही.

मला त्या खोडलेल्या दुसऱ्या रेघेची आठवण होते, ती इथे.

पण एक गैरसमज होऊ देऊ नका. टॉम्बॉ 'जन्मजात शोधक' होता आणि शिक्षणाची त्याला गरज नव्हती, असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. ग्रह शोधून झाल्यावर १९३२ साली शिष्यवृत्ती मिळवून तो कॅन्सस विद्यापीठात पहिल्या वर्षाला जाऊन बसला. खगोलशास्त्राच्या प्राथमिक वर्गात मात्र प्राध्यापकांनी त्याला घेतले नाही. ग्रह शोधणाऱ्याने हा वर्ग करणे त्यांना बरे दिसेना! त्याने पदवी घेतली, एम.ए. केले, आणि मधल्या काळात व नंतर वेधशाळेत काचा तपासणे चालूच ठेवले. एकूण चौदा वर्षे. ताऱ्यांचे सुमारे ९ कोटी ठिपके त्याच्या डोळ्यांखालून गेले, असा हिशेब सांगतात. दुसरा प्लूटो मिळाला नाही. शेकडो लघुग्रह, रूपविकारी तारे, तारकागुच्छ मिळाले. पुढे अग्निबाणांच्या उड्डाणाचा माग काढणाऱ्या दुर्बिणी उभारण्याचे काम त्यांनी केले आणि न्यू मेक्सिकोमधल्या विद्यापीठात १९७३ पर्यंत शिकवले.

या साऱ्यात टॉम्बॉ यांचा गुण कोणता? गणित म्हणाल, तर त्यांच्याहून मोठे गणिती अमेरिकेत पुष्कळ होते. त्यांना पुसट प्रतिमा खपत नसे, एवढ्यापासून सुरुवात झाली. पण नुसते न खपणे पुरत नाही. त्याने माणूस चिडचिडा होतो, इतकेच. आपली चूक आपल्यालाच स्पष्ट दिसेल अशी जागा त्यांनी स्वतः खणून काढली. तुम्ही सुतारकाम करत असाल तर गुण्या लावा. भाषण करत असाल तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून स्वतःचेच ऐका. पहिल्यांदा ऐकवणार नाही. गणित सोडवत असाल तर उत्तर उलट ताळ्याने तपासा. ज्या कामात अशी परीक्षा तुम्हाला नकोशी वाटते, आणि ज्या कामात ती घेतल्याशिवाय चैन पडत नाही, ती दोन्ही कामे तुमची तुम्हालाच वेगळी दिसू लागतील. यासाठी ठसे द्यायला जावे लागत नाही. हो, आणि हे एका आठवड्यात होत नाही. खड्डा खणायलाच किती दिवस लागले असतील, याचा विचार करा.

त्या आमच्या विद्यार्थ्याचे काय झाले, हे विचाराल. गणिताच्या एका पेपरात तो नापास झाला, पुन्हा बसला, दुसऱ्या वर्गात पदवीधर झाला. आता तो सूक्ष्मदर्शक आणि जमीन मोजणीची उपकरणे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करतो. आमच्या प्रयोगशाळेतले स्पेक्ट्रोमीटर दर दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे जातात. परत आले, की पहिल्या दिवशी मी स्वतः सोडियमचा दिवा लावून दुसऱ्या क्रमात डोकावतो. दोन रेघा असतात.

टॉम्बॉ १७ जानेवारी १९९७ रोजी वारले. १९ जानेवारी २००६ रोजी 'न्यू होरायझन्स' हे यान प्लूटोकडे निघाले, तेव्हा त्यात त्यांची थोडीशी रक्षा एका लहान डबीत ठेवलेली होती. यान वाटेतच असताना, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रहांत घालण्यात आले. यानाला त्याचे काही नव्हते. १४ जुलै २०१५ रोजी ते प्लूटोपासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटर अंतरावरून गेले.

आता तुमच्यासाठी एक काम. पंचांगात किंवा मोबाइलवर पाहून गुरू रात्री कधी दिसतो ते शोधा. शाळेची किंवा कोणा ओळखीच्याची साधी द्विनेत्री मिळवा आणि ती हलू नये म्हणून गच्चीच्या कठड्यावर किंवा काठीवर टेकवून गुरूकडे पाहा. त्याच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत दोन, तीन किंवा चार बारीक ठिपके दिसतील. ते त्याचे मोठे उपग्रह. वहीत एक गोल काढून ते जसे दिसतील तसेच मांडा, तारीख आणि वेळ घालून. पुस्तकातले चित्र पाहू नका. असे पंधरा रात्री करा. ढग आले तर 'ढग' असे लिहा. तुमचे चित्र बरोबर होते की नाही, हे पंधरा दिवसांनी उपग्रहांच्या प्रसिद्ध तक्त्याशी ताडून पाहा, त्याआधी नाही. आणि कुठे एखादा ठिपका चुकीच्या बाजूला पडलेला आढळला, तर सोळाव्या रात्री तुम्ही काय केले, तेही त्याच वहीत लिहून ठेवा.